गाथेचा अंक आणि वग्गाचे नाव : संगणकातील आदेश-नियमांविषयी

सूचीचे काम करणाऱ्या अभ्यासकासमोर एक प्रसंग वारंवार येतो. मराठी वा इंग्रजी ग्रंथात धम्मपदाचा निर्देश केवळ अंकाने केलेला असतो, ‘धम्मपद १२९’ किंवा ‘गाथा १८३’ असा. लेखकाला तेवढे पुरते. परंतु ज्या वाचकाच्या हाती गाथांना सलग क्रमांक नसलेली, वग्गवार छापलेली प्रत आहे, त्याला त्या अंकाचा उपयोग होत नाही. त्याला वग्गाचे नाव हवे असते. म्हणून सूचीकाराला प्रत्येक अंकापुढे ‘दण्डवग्ग’, ‘बुद्धवग्ग’ असे नाव लिहावे लागते. धम्मपदाचे वग्ग २६ व गाथा ४२३. दहा-वीस निर्देश असतील तर हे काम पाठांतराने होते. निर्देश काही शे असतील तर मनुष्य थकतो आणि चुकतो. असे काम संगणकाकडे सोपवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. आम्हीही ते सोपवले. त्यात आमची जी फसगत झाली तिचा वृत्तांत पुढे येईलच. परंतु ती समजण्यासाठी संगणक अंक कसा वाचतो हे प्रथम पाहिले पाहिजे.

संगणकात मजकूर शोधून बदलण्याची एक प्रबळ पद्धत आहे. तिच्यात ‘अमुक शब्द शोध’ असे न सांगता ‘अमुक घडणीचा शब्द शोध’ असे सांगता येते. या घडणीच्या वर्णनाला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. आम्ही या लेखात त्याला ‘साचा’ म्हणू. या कल्पनेचे गणित स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने मांडले व ते १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये मजकूर शोधण्यासाठी ती प्रत्यक्षात कशी राबवावी हे दाखवले, आणि तेव्हापासून ती बहुतेक सर्व संगणकभाषांत व लेखन-साधनांत रुजली. साच्याची लिपी थोडक्यात अशी आहे. चौकटी कंसात जी चिन्हे लिहावी त्यांपैकी कोणतेही एक चालते; [०-९] म्हणजे शून्य ते नऊ यांपैकी एक अंक. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. टोपीसारखे चिन्ह ^ म्हणजे ओळीचा आरंभ, आणि $ म्हणजे ओळीचा शेवट. साध्या कंसाने गट बांधला जातो. प्रस्तुत विषयाला एवढी सामग्री पुरेशी आहे.

पालि व्याकरण शिकलेल्या वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. ‘पति’ आणि ‘एक’ मिळून ‘पच्चेक’ होते, ‘अति’ आणि ‘अन्त’ मिळून ‘अच्चन्त’ होते. पुढे स्वर आला असता ‘ति’च्या जागी ‘च’ येतो व त्याचे द्वित्व होते, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. येथे ज्याच्या जागी बदल होतो तो स्थानी, जो येतो तो आदेश, आणि पुढचा स्वर हे निमित्त. कच्चायनाने आणि त्याच्या पूर्वी पाणिनीने सारी भाषा अशा नियमांनी बांधली. पाणिनीने तर षष्ठी, सप्तमी व पंचमी या विभक्तींनाच अनुक्रमे ‘च्या जागी’, ‘पुढे असता’ व ‘नंतर आलेल्याला’ असे पारिभाषिक अर्थ देऊन ठेवले. संगणकातील बदलाच्या नियमाचेही हेच तीन अवयव असतात. म्हणून आम्ही त्याला ‘आदेश-नियम’ म्हणतो. हे साम्य केवळ शोभेचे नाही. पुढे एका ठिकाणी त्याचा आम्हास प्रत्यक्ष उपयोग झाला.

आता मूळ अडचणीकडे वळू. मनुष्य ‘१२९’ वाचतो तेव्हा त्याच्या मनात एक संख्या उभी राहते. ती १२८ हून मोठी आणि १३० हून लहान आहे हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. साच्याला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ‘१२९’ हा तीन अक्षरांचा शब्द आहे, जसा ‘कमल’ हा तीन अक्षरांचा शब्द आहे. मोठे-लहान हा विचार साच्याच्या भाषेत मांडताच येत नाही. उलट, आपणास हवे असलेले वर्गीकरण संपूर्णपणे मोठ्या-लहानाचे आहे. १२९ पासून १४५ पर्यंत दण्डवग्ग, हे विधान संख्येविषयीचे आहे, अक्षरांविषयीचे नव्हे. संख्येविषयीचे विधान अक्षरांविषयीच्या विधानात उतरवणे, हेच या सर्व खटाटोपाचे स्वरूप.

ते कसे उतरते हे मज्झिमनिकायाच्या सोप्या उदाहरणाने पाहू. त्यात १५२ सुत्ते आहेत. १ ते ५० मूलपण्णास, ५१ ते १०० मज्झिमपण्णास, १०१ ते १५२ उपरिपण्णास. (‘पण्णास’ म्हणजे पन्नास, तिसऱ्यात दोन अधिक आहेत, कारण त्यातील विभङ्गवग्ग दहाऐवजी बारा सुत्तांचा आहे.) साचे असे होतात :

मूलपण्णास : ^([१-९]|[१-४][०-९]|५०)$

मज्झिमपण्णास : ^(५[१-९]|[६-९][०-९]|१००)$

उपरिपण्णास : ^(१०[१-९]|१[१-४][०-९]|१५[०-२])$

पहिली ओळ मराठीत अशी वाचावी : एकच अंक असून तो १ ते ९ पैकी असेल, किंवा दोन अंक असून पहिला १ ते ४ व दुसरा कोणताही असेल, किंवा नेमके ५० असेल. ते शेवटचे ‘५०’ वेगळे का लिहावे लागले याचे कारण मनोरंजक आहे. आपण सुत्ते एकापासून मोजतो, दशमान लेखन मात्र शून्यापासून चालते. शून्य ते एकोणपन्नास असा गट असता तर तो दशकांच्या चौकटीत बरोबर बसला असता. संगीतिकारांनी सुत्ते मोजली ती एकापासून, त्यामुळे प्रत्येक पन्नाशीचा शेवटचा मोहरा पुढच्या दशकाच्या उंबरठ्यावर उभा राहतो. आमच्या अनुभवात साच्यांतील निम्म्याहून अधिक चुका या उंबरठ्यावर होतात.

नवशिक्याची पहिली चूक मात्र याहून ढोबळ असते. यमकवग्ग १ ते २० म्हणून तो [१-२०] असे लिहितो. ते वाचायला इतके सरळ वाटते की चूक ध्यानात येत नाही. परंतु चौकटी कंसात संख्या नसतात, सुटी चिन्हे असतात. यंत्राला [१-२०] याचा अर्थ ‘१ ते २ यांपैकी एक, अथवा ०’ असा कळतो. म्हणजे १, २ व ० ही तीनच चिन्हे. ब्राह्मणवग्गासाठी [३८३-४२३] लिहिले तर २, ३, ४ आणि ८ ही चार चिन्हे उरतात. अरहन्तवग्गासाठी [९०-९९] लिहिले तर शून्य ते नऊ सर्वच चिन्हे आत येतात. पियवग्गाच्या, म्हणजे २०९ ते २२० च्या बाबतीत यंत्र तक्रार करते, कारण कंसातील ९-२ हा क्रम उलटा आहे. यंत्राने अडवावे हे येथे भाग्यच म्हणायचे. ब्राह्मणवग्गाच्या साच्याला ते निमूटपणे मान डोलावते आणि चुकीचे काम चोखपणे पार पाडते.

धम्मपदाचे वग्ग सारख्या आकाराचे नाहीत. अरहन्तवग्ग दहा गाथांचा, तर ब्राह्मणवग्ग एकेचाळीस गाथांचा. त्यांच्या सीमाही दशकांवर पडत नाहीत. सव्वीसांपैकी एकच वग्ग असा आहे की जो एका फटकाऱ्यात लिहिता येतो, तो अरहन्तवग्ग : ९० ते ९९, म्हणून ९[०-९]. उरलेल्या प्रत्येकाचे तुकडे पाडावे लागतात. रीत अशी : आरंभीच्या अंकापासून त्या दशकाच्या शेवटापर्यंत एक तुकडा, मधली पूर्ण दशके हा दुसरा, आणि शेवटच्या दशकाच्या आरंभापासून अंतिम अंकापर्यंत तिसरा. मधली दशके नसतील तर दोनच तुकडे होतात. काही साचे नमुन्यादाखल देतो :

पुप्फवग्ग, ४४ ते ५९ : ४[४-९]|५[०-९]

बालवग्ग, ६० ते ७५ : ६[०-९]|७[०-५]

बुद्धवग्ग, १७९ ते १९६ : १७९|१८[०-९]|१९[०-६]

तण्हावग्ग, ३३४ ते ३५९ : ३३[४-९]|३[४५][०-९]

ब्राह्मणवग्ग, ३८३ ते ४२३ : ३८[३-९]|३९[०-९]|४[०१][०-९]|४२[०-३]

बुद्धवग्गाच्या आरंभी ‘१७९’ एकटा उभा आहे हे वाचकांनी लक्षात ठेवावे. सीमा नवावर पडली की असा एकाकी अंक निर्माण होतो, आणि तो विसरला जातो.

साचे बरोबर झाले तरी त्यांना कुंपण हवे. यमकवग्गाचा साचा ^ व $ शिवाय लिहून साऱ्या मजकुरावर चालवला असता ‘४२३’ या अंकाचे काय होते पाहा. यंत्र ‘४’ पाहते; तो १ ते ९ मध्ये आहे, म्हणून तेथे ‘यमकवग्ग’ लिहिते. मग ‘२’ पाहते, पुन्हा ‘यमकवग्ग’. मग ‘३’. शेवटी कागदावर ‘यमकवग्गयमकवग्गयमकवग्ग’ असा तिहेरी घोष उमटतो. ही चूक निदान हास्यास्पद असल्यामुळे लगेच दिसते. कुंपण घालूनही कंस विसरला तर मात्र ती लपते. ^[१-९]|१[०-९]|२०$ असे लिहिले असता आरंभीची टोपी केवळ पहिल्या पर्यायाला लागू होते व शेवटचे चिन्ह केवळ शेवटच्या पर्यायाला. परिणामी ‘४२०’ मधील शेवटचे ‘२०’ पकडले जाते. ‘१५’ सारख्या अंकाबाबत तर निरनिराळी साधने निरनिराळे वागतात. पर्ल व पायथन या भाषा पर्याय डावीकडून क्रमाने तपासतात व जो प्रथम जुळेल तो घेतात, म्हणून ‘१’ वरच थांबतात. सेडसारखे, पोसिक्स या प्रमाणाला अनुसरणारे साधन त्याच जागी जुळणारा सर्वांत लांब पर्याय घेते, म्हणून ‘१५’ घेते. एकच नियम एका यंत्रावर बरोबर व दुसऱ्यावर चूक ठरतो तो असा. दोन्ही बाजूंना कुंपण आणि सर्व पर्यायांभोवती कंस असला म्हणजे हा भेद उरत नाही.

अंक जेव्हा ओळीत एकटा नसून वाक्यात असतो तेव्हा ओळीचा आरंभ-शेवट कामाचा नाही. तेथे ‘मागे अंक नको, पुढे अंक नको’ असे निमित्त सांगावे लागते. अनेक भाषांत ते पुढीलप्रमाणे लिहितात :

(?<![०-९])(१२९|१३[०-९]|१४[०-५])(?![०-९])

काही जण याऐवजी शब्दसीमेचे तयार चिन्ह वापरतात. मराठी मजकुरात ते धोक्याचे आहे. आपण ‘१३०वी गाथा’ असे अंकाला प्रत्यय जोडून लिहितो. यंत्राला अंक व अक्षर ही दोन्ही शब्दाचेच घटक वाटतात, त्यामुळे ‘१३०’ आणि ‘वी’ यांच्यामध्ये त्याला सीमा दिसत नाही आणि गाथा निसटते. आणि एवढे करूनही, पृष्ठ १३० चा निर्देश दण्डवग्गात जाणार नाही याची हमी कोणी द्यावी? ती देण्यासाठी अंकाच्या मागे ‘गाथा’ किंवा ‘धम्मपद’ हा शब्द आहे की नाही हे पाहणारे आणखी एक निमित्त नियमात घालावे लागते. व्याकरणात निमित्ताविना आदेश नाही, येथेही तसेच.

मराठीपुरती आणखी एक अडचण अंकांच्या लिपीची आहे. [०-९] हा साचा देवनागरी अंक ओळखतो, रोमन लिपीबरोबर वापरले जाणारे अंक ओळखत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यात देवनागरी शून्य ते नऊ हे अंक ओळीने मांडलेले असल्यामुळे ०-९ हा पल्ला बरोबर चालतो. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे मराठी मजकूर अशा फॉन्टांत छापला जाई की ज्यांत पडद्यावर दिसणारा ‘९’ हा आत इंग्रजी ‘नऊ’च असे, केवळ चेहरा देवनागरी. तशा फाइली रूपांतरित करून एकत्र केल्या की एकाच सूचीत दोन जातींचे अंक नांदू लागतात. डोळ्याला ते कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. ‘कोणताही अंक’ या अर्थाचे जे संक्षिप्त चिन्ह आहे तेही सर्वत्र सारखे नाही. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत ते देवनागरी अंक घेते, जावास्क्रिप्टमध्ये घेत नाही. म्हणून आमची सूचना अशी की वर्गीकरणापूर्वी सर्व अंक एका लिपीत आणून घ्यावेत, आणि ते काम वेगळ्या नियमाने, आधी, पूर्णपणे करावे.

‘आधी’ या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. नियम एकाहून अधिक झाले की क्रमाचा प्रश्न येतो, आणि येथेच आमचे व्याकरण आमच्या मदतीस आले. सूचीच्या एका स्तंभात आम्हाला वग्गाच्या नावाऐवजी वग्गाचा क्रमांक हवा होता. गाथा ४२३ असेल तर २६, गाथा २१ असेल तर २. आम्ही सव्वीस नियम लिहिले व काही कारणाने ते शेवटाकडून आरंभाकडे चालवले. सारी सूची तपासून पाहतो तो प्रत्येक गाथेपुढे ‘१’! कारण शोधायला अर्धा दिवस गेला. गाथा ४२३ ला सव्विसाव्या नियमाने ‘२६’ केले. पुढे दुसऱ्या नियमाची पाळी आली. तो म्हणतो २१ ते ३२ यांच्या जागी ‘२’. त्याला ‘२६’ दिसला. हा अंक गाथेचा नसून वग्गाचा आहे हे त्याला कसे कळावे? त्याने तेथे ‘२’ लिहिला. मग पहिला नियम, १ ते २० यांच्या जागी ‘१’. त्याने त्या ‘२’चा ‘१’ केला. गाथा १०० ची गतही तीच. आठव्या नियमाने ८, आणि पहिल्या नियमाने १. सव्वीसच्या सव्वीस वग्ग यमकवग्गात विलीन झाले.

हेच नियम आरंभाकडून शेवटाकडे चालवले असते तर एकही चूक झाली नसती. वग्गाचा क्रमांक त्यापुढच्या कोणत्याही वग्गाच्या पहिल्या गाथेपेक्षा नेहमीच लहान असतो, त्यामुळे एका नियमाने लिहिलेला अंक पुढील नियमांच्या तडाख्यात सापडत नाही. परंतु हा योगायोग झाला. त्यावर विसंबणे बरे नव्हे. पाणिनीला हा प्रश्न ठाऊक होता. अष्टाध्यायीचे शेवटचे तीन पाद, ज्यांस त्रिपादी म्हणतात, त्यांतील नियमाने केलेले कार्य त्याच्या आधीच्या नियमांच्या दृष्टीने ‘असिद्ध’, म्हणजे झालेच नाही, असे मानायचे अशी व्यवस्था त्याने करून ठेवली. आम्हीही तेच केले. आदेशाने आलेल्या अंकाला एक खूण जोडली, ‘व२६’ अशी. साच्याच्या कुंपणात खूण बसत नसल्यामुळे पुढचे नियम त्याला हात लावीनासे झाले, आणि सर्व नियम संपल्यावर खूण काढून टाकली. खूण काढण्याचा नियम अर्थातच सर्वांत शेवटी.

वरील चूक ढळढळीत होती म्हणून सापडली. आता जी सांगणार आहोत ती मुद्रितापर्यंत पोहोचली. पापवग्ग ११६ ते १२८, दण्डवग्ग १२९ ते १४५. दण्डवग्गाचा साचा आम्ही नीट लिहिला होता, त्यात एकाकी ‘१२९’ ही होता. पापवग्गाचा मात्र ११[६-९]|१२[०-९] असा लिहिला गेला. शेवटच्या कंसात ८ च्या जागी हात सवयीने ९ वर गेला. [०-९] हा कंस इतक्या वेळा लिहावा लागतो की बोटे तो आपोआप लिहितात. परिणाम असा की १२९ वर दोन नियमांचा दावा निर्माण झाला. पाणिनीच्या पद्धतीत तुल्यबळ नियमांच्या विरोधात नंतरचा नियम जिंकतो. यंत्राच्या मालिकेत उलट होते. आधीचा नियम घास घेऊन जातो आणि नंतरच्याला ताटात काही उरत नाही. १२९ पापवग्गात गेली.

ती कोणती गाथा? दंडाला सर्वच भितात, मृत्यूला सर्वच घाबरतात, म्हणून स्वतःच्या उपमेने इतरांना जाणून कोणास मारू नये, मारवू नये, या आशयाची, दण्डवग्गाची पहिलीच. तिची जुळी बहीण १३० वी, जीवित सर्वांनाच प्रिय आहे असे सांगणारी. या दोन गाथा पाठांतरात कधी वेगळ्या होत नाहीत. आमच्या सूचीत एक पापवग्गात व दुसरी दण्डवग्गात अशी त्यांची ताटातूट झाली. आणि तरीही आम्हा कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण हिंसेचा निषेध करणारी गाथा ‘पापवग्ग’ या नावाखाली मुळीच विजोड दिसत नव्हती. चुकीचे नाव अर्थाला शोभून गेले. मुद्रित वाचणाऱ्या एका ज्येष्ठ सद्गृहस्थांनी, ज्यांना संगणकाचा गंधही नाही, ती ओळ पाहताच पेन्सिलीने खूण केली. त्यांना धम्मपद मुखोद्गत आहे. एवढ्या एका निर्देशावर विसंबून एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात ही गाथा पापवग्गातील म्हणून उद्धृत केली असती, आणि त्यावरून दुसऱ्याने. अशा चुका एकदा छापल्या गेल्या की पुढची पन्नास वर्षे त्या ग्रंथांतून ग्रंथांत प्रवास करतात. पालि अभ्यासात अशी उदाहरणे थोडी नाहीत.

त्यानंतर आम्ही पडताळणीची रीत ठरवली. १ ते ४२३ हे सर्व अंक एका फाइलीत क्रमाने लिहून त्यांच्यावर नियम चालवायचे आणि कोणत्या वग्गाला किती अंक मिळाले ते मोजायचे. केवळ एकूण बेरीज पाहणे व्यर्थ असते. आमच्या चुकीच्या नियमांनीही बेरीज ४२३ च आली असती; पापवग्गाला एक अधिक, दण्डवग्गाला एक उणी. म्हणून प्रत्येक वग्गाची संख्या स्वतंत्रपणे पडताळली पाहिजे. आणि ती संख्या कोठून आणावी? ती आपल्या हातातच होती. धम्मपदाच्या शेवटी उद्दानगाथा आहेत. त्यांत प्रत्येक वग्गातील गाथांची गणती पद्यात सांगितली आहे. यमकात वीस, अप्पमादात बारा, चित्तात अकरा, असे करत पापवग्गात तेरा, दण्डवग्गात सतरा, आणि शेवटी एकूण चारशे तेवीस. या गाथा आपण बहुधा ओलांडून जातो; अनेक भाषांतरांत त्या छापतही नाहीत. भाणकांनी त्या ज्या कारणासाठी राखल्या असाव्यात, म्हणजे पाठात एखादी गाथा गळली वा शेजारच्या वग्गात सरकली तर कळावे, त्याच कारणासाठी त्या आम्हाला संगणकापुढे उपयोगी पडल्या. पापवग्गापुढे यंत्राने चौदा दाखवले, उद्दानात तेरा आहेत. पुढे अधिक शोधावे लागले नाही.

वाचक विचारतील, एवढा उपद्व्याप करण्याऐवजी यंत्राला अंकाची संख्या म्हणून तुलना करायला का सांगू नये? हा प्रश्न रास्त आहे, आणि आमचे उत्तरही तेच आहे : शक्य असेल तेथे तसेच करावे. पर्ल, पायथन इत्यादी भाषांत आदेशाच्या जागी स्थिर शब्दाऐवजी एक छोटी कृती ठेवता येते. साच्याने केवळ ‘गाथा’ या शब्दामागून येणारा अंक हुडकून काढावा; मग कृतीने त्याची संख्या करावी, सव्वीस आरंभांची यादी (१, २१, ३३, ४४, ६०, ७६, ९०, १००, ११६, १२९...) घेऊन त्या संख्येहून मोठा नसलेला शेवटचा आरंभ शोधावा, व त्याचे नाव परत द्यावे. ही यादी एका दृष्टिक्षेपात तपासता येते. त्यात एकाकी अंक नाहीत, तुकडे नाहीत, आणि प्रत्येक सीमा एकदाच लिहिलेली असल्यामुळे एका अंकावर दोन वग्गांचा दावा संभवतच नाही. पायथन तर देवनागरी अंकांची संख्याही आपण होऊन करते.

परंतु प्रत्येक ठिकाणी अशी सोय नसते. लेखन-साधनातील ‘शोधा व बदला’ या पेटीत किंवा सेडसारख्या साधनात केवळ साचा व आदेश एवढेच हाती असते. आणि काही वर्गीकरणे अशी असतात की जेथे साचा हाच योग्य, तुलना नव्हे. ग्रंथालयातील ड्यूई पद्धतीत बौद्ध धर्माचे ग्रंथ २९४.३ खाली येतात. तेथे अंक ही मोजणी नसून नाव आहे. डावीकडून एकेक अंक वाढत गेला की विषय सूक्ष्म होत जातो. ‘२९४.३ ने आरंभ होणारे सर्व’ हे साच्याचे विधान आहे, आणि ते साच्यानेच सांगावे. गाथांचे क्रमांक त्या जातीचे नाहीत. ते आधुनिक संपादकांनी सोयीसाठी घातलेली मोजणी आहेत, आणि वग्गांच्या सीमा त्या मोजणीला विचारून पडलेल्या नाहीत. संस्कृत उदानवर्गाचे तर वर्गच तेहतीस. तेव्हा एका परंपरेच्या ग्रंथासाठी बनवलेले नियम दुसरीच्या सूचीवर चालवण्याचा मोह कोणी धरू नये, हे वेगळे सांगावयास नको.

कार्यपद्धतीविषयी एक तपशील राहिला. सव्वीस नियमांच्या मागे आम्ही आता एक सत्ताविसावा नियम ठेवतो : ‘गाथा’ या शब्दापुढे जो अंक अद्यापि नावाविना उरला असेल त्याला ‘तपासावे’ असा शेरा लावावा. शून्य, ४२४ व त्यापुढचे सारे त्यात अडकतात. दुरुस्त केलेल्या सूचीवर तो चालवला तेव्हा एकच शेरा उमटला, ‘गाथा ४३२’ पुढे. धम्मपदात अशी गाथा नाही. मूळ चिठ्ठी काढून पाहिली. ती आमच्याच हस्ताक्षरात होती. निर्देश ज्या ग्रंथातून घेतला तो पुन्हा उघडला. तेथे ४२३ होते.